गावागणिक एक खातं

"गाव?"

नाव नंतर, आधी गाव. विचारताना ते उजव्या हाताचा पंजा समोरच्यापुढे उघडायचे आणि गावाचं नाव मिळेपर्यंत तो मिटायचे नाहीत. समोरचा घाईत असो, चिडलेला असो, नाही तर नुकताच बापाच्या अस्थी घेऊन गाडीतून उतरलेला असो, पंजा तसाच उघडा. गोदाघाटावर असे उघडे पंजे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, बहुतेक दक्षिणेसाठी. यांचा पंजा गावासाठी असायचा, एवढाच फरक.

मला त्यांचा राग येतो. ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. कुणी त्यांच्याबद्दल "फार सज्जन माणूस" असं म्हणालं की मी विषय बदलतो, कारण ते खरंच सज्जन होते आणि माझा राग नेमका तिथेच आहे. सगळेजण त्यांना गुरुजी म्हणायचे, म्हणून मीही गुरुजीच म्हणेन.

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या उतारावर माझं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, दोन पंखे आणि भिंतीवर 'आक्षेपार्ह साईट पाहू नयेत' अशी पाटी, जिच्याकडे कुणी पाहत नसे. दोन हजार सालानंतर लवकरच कधी तरी गुरुजी पहिल्यांदा आत आले. साठीच्या आसपासचे, किरकोळ बांध्याचे, खांद्यावर उपरणं. आत येऊन त्यांनी खुर्चीवर चक्क मांडी घातली.

"माझ्या मुलाचं पत्र आलंय म्हणे तुमच्याकडे."

मुलगा पुण्यात कंपनीत होता आणि त्यानं ईमेल पाठवली होती. मी ती उघडून दिली. त्यांनी वाचली, दोनदा वाचली आणि मग माझ्यापुढे पंजा उघडला.

"गाव?"

"नाशिकच."

"नाशिकचं कुणी नसतं. मूळ?"

मूळ गाव निफाड तालुक्यातलं. तसं सांगितलं, आडनाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते काखेत एक वही घेऊन परत आले. पण लगेच काही बोलले नाहीत. आधी विचारलं, "घरात वडील आहेत?" म्हटलं, गेले. "आई?" तीही नाही. "मग तुला सांगायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या पणजोबांचं नाव सांगितलं. पणजोबा पायी आले होते, बरोबर भाऊ होता आणि दोन बायका होत्या. सही येत नव्हती म्हणून वहीत अंगठा होता. पणजोबांच्या दुसऱ्या बायकोबद्दल आमच्या घरात कधी कुणी ब्र काढला नव्हता. मी त्या अंगठ्यावर अंगठा ठेवून पाहिला, तर माझा लहान निघाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तीर्थोपाध्यायांच्या घरी वह्या असतात. लांबट, उभ्या, लाल फडक्यात बांधलेल्या. कुठल्याही गावचा माणूस नाशिकला धार्मिक कामासाठी आला की त्यानं आपलं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव वहीत लिहून सही करायची. त्याचा नातू पन्नास वर्षांनी येतो, आज्याची सही पाहतो आणि म्हणतो, हे आमचे उपाध्ये. ही सही दाखवता येणं हाच गुरुजींचा सगळा व्यवसाय. बाकी मंत्र काय, सगळ्यांनाच येतात.

वही वाचायची त्यांची एक रीत होती. नोंद वाचायची तर पूर्ण वाचायची, मधली ओळ गाळायची नाही. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता तो. माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, त्यातलं काय वगळायचं हे ठरवणारे आपण कोण, असं ते म्हणायचे. पण वाचण्याआधी ते समोर बसलेल्यांवरून नजर फिरवायचे. कोण बसलंय, कोण कुणाचं, कुणाला काय माहीत आहे. मग हळूच म्हणायचे, "सूनबाई, तुम्ही जरा कुंडावर पाय धुऊन या." किंवा एखाद्या पोराला, "बाळ, खाली जाऊन रिक्षावाला थांबलाय का बघ." ती व्यक्ती बाहेर गेली की नोंद वाचायची. परत आली की चहा. कुणाला कळायचंही नाही आपल्याला का पाठवलं होतं. मी हे दोन-तीनदा पाहिलं आहे. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, इथेच माझी अक्कल कळते.

मग यजमान तुटायला लागले. बसस्टँडवर, स्टेशनावर दलाल उभे राहू लागले. उतरणाऱ्या माणसाची पिशवी ओढून घ्यायची आणि जिथे कमिशन मिळेल तिथे नेऊन बसवायचं. कुणी वेबसाईटी काढल्या, त्यावर पूजेचे फोटो, फोन नंबर. लोक घरूनच ठरवून यायला लागले. गुरुजींच्या ओट्यावर महिन्यात चार घराणी यायची तिथे एक येईना. पैशाचं ते फारसं बोलत नसत. त्यांना टोचत होतं ते वेगळंच.

"आज एकही ओळ लिहिली नाही," असं ते कॅफेत येऊन सांगायचे. "आजोबांची सही आहे, बापाची आहे, आणि हा लेकाचा कुणाच्या तरी टपरीवर पिंड ठेवून गेला. आता याचा मुलगा आला तर मी त्याला काय दाखवू? माझ्या वहीत हे घराणं याच्या बापापाशीच मेलं."

पुण्याच्या मुलानं स्पष्ट सांगितलं होतं की तो हे काम करणार नाही. म्हणजे नवी ओळ नाही, आणि वही सांभाळणाराही नाही. गुरुजींना एवढंच हवं होतं की आपण आहोत तोवर प्रत्येक घराण्याची पुढची ओळ लिहून व्हावी.

याच सुमाराला कॉलेजची पोरं माझ्याकडे एकाच कामासाठी यायला लागली. एक साईट होती, तिच्यावर स्वतःचं पान काढायचं, मित्र जोडायचे आणि एकमेकांच्या पानावर लिहीत बसायचं. गुरुजी एका पोराच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. कोण कुणाचा मित्र, कोण कुठल्या गावचा, कुणी कुणाच्या पानावर काय लिहिलं.

"ही वहीच आहे की," ते म्हणाले. "फक्त पोरकट अक्षरात."

मी तेव्हा नुकताच कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात सेमिनार ऐकून आलो होतो. टाय लावलेला एक तरुण, हातात रिमोट. विषय होता आपला धंदा इंटरनेटवर कसा पसरवावा. एका साईटवर दिसून भागत नाही, म्हणाला, चार ठिकाणी दिसलं पाहिजे. गिऱ्हाईक जिथे बसलंय तिथे तुम्ही हवेत. आणि हे मुद्दाम दोनदा सांगितलं : जे काही बोलाल ते उघड्यावर बोला, चार लोकांना दिसेल असं. एकाला दिलेलं उत्तर दहा जण वाचतात आणि दहातले दोन तुमच्याकडे येतात. आम्ही सगळे दुकानदार माना डोलवत होतो. मी वहीत लिहूनही घेतलं. त्या टायवाल्याला आज भेटलो तर मी त्याला काय म्हणेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी गुरुजींना म्हटलं, आपण तुम्हाला सगळीकडे टाकू. तीन साईटी ठरवल्या. एक कॉलेजच्या पोरांची, एक परदेशातल्या मंडळींची, एक नोकरदारांची, जिथे लोक आपला बायोडेटा लावून ठेवतात. प्रत्येक साईटबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"इथे कुठल्या गावची माणसं असतात?"

आता त्यांनी काय केलं ऐका. मला वाटलं होतं एक नाव, एक फोटो, तीन साईटी, संपला विषय. ते म्हणाले, असं कसं. वह्या गावाप्रमाणे असतात, मालेगावची वही उघडून सुरगाण्याच्या माणसाला काय दाखवू? त्यांनी प्रत्येक गावाचं वेगळं खातं काढायला लावलं. पहिलं नाव सटाणा, आडनाव वही. पहिलं नाव सुरगाणा, आडनाव वही. फोटो लाल फडक्यातल्या गाठोड्याचा, आणि तोही प्रत्येकाचा वेगळा, कारण गाठोडं वेगळं होतं. जन्मतारखेच्या जागी त्यांनी त्या वहीतल्या पहिल्या नोंदीचं साल सांगितलं. साईट इतकं मागचं साल घेईना.

"का घेत नाही?"

"एवढ्या वयाचा माणूस नसतो म्हणून."

"माणसाचं वय कोण सांगतंय? मी वहीचं सांगतोय."

मी वैतागून गेलो होतो. पण हसतही होतो. तीन साईटी आणि डझनावारी गावं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, कारण सगळ्याला एकच किल्ली हे त्यांना पटत नव्हतं. पासवर्ड त्यांच्या तोंडपाठ असायचे. मी एखादा विसरलो की शांतपणे सांगायचे. काही महिन्यांनी साईटवाल्यांनी त्यांची पाच-सहा खाती बंद केली. कारण दिलं होतं, खोटी ओळख. सात-सात पिढ्यांच्या सह्या घरात असलेल्या माणसाला कुठल्या तरी यंत्रानं कळवलं की तू खोटा आहेस. मी त्यांना तेवढं वाचून दाखवलं नाही, खातं बिघडलं असं सांगितलं. त्यांच्याशी मी जे खोटं बोललो त्याची सुरुवात तिथे झाली.

पण काम चाललं, हे कबूल केलं पाहिजे. ते घरून नोंद उतरवून आणायचे, मी टाईप करायचो. आडनाव आणि गाव शोधून लोकांना कळवायचो की तुमच्या आजोबांची सही आमच्याकडे आहे. पहिलं उत्तर लंडनहून आलं. मग दुबईहून एक जण. एक सबंध कुटुंब बडोद्याहून दोन गाड्या करून आलं, ओट्यावर बसून त्यांनी पाच पिढ्यांची नोंद ऐकली आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाई वहीला हात लावून रडल्या. त्या दिवशी गुरुजी कॅफेत आले तेव्हा सगळ्यांसाठी पेढे होते.

"आज सात ओळी लिहिल्या," ते म्हणाले.

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

सटाण्याकडच्या एका गावचे शाळामास्तर. त्यांचा एकुलता मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला होता आणि त्यानंच बापाला त्या पोरांच्या साईटवर खातं काढून दिलं होतं, आपले फोटो बघता यावेत म्हणून. मास्तरांनी गुरुजींच्या सटाणा खात्यावर विचारलं, आमची नोंद आहे का. आपल्या वडिलांचं नाव दिलं. गुरुजींनी दोन दिवस वही धुंडाळली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कागद घेऊन आले. चेहरा फुललेला. मास्तरांच्या वडिलांनी स्वतः येऊन नोंद केली होती, वीस-एक वर्षांपूर्वी.

"विचारणारा कोण आहे? वडीलधारा आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी पान उघडून दाखवलं. पन्नाशीच्या माणसाचा फोटो, जाकीट घातलेला.

"हेच मास्तर."

"आणि हे लिहिलेलं फक्त त्यांनाच दिसेल ना?"

मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. मान वर न करता म्हणालो, "हो."

आणि मला ठाऊक होतं. हे नीट वाचा, मला ठाऊक होतं. त्या साईटवर माणसाच्या पानावर लिहिलेलं त्याच्या ओळखीतल्या आणि त्यांच्याही ओळखीतल्या कुणालाही दिसायचं. ज्याचा त्याला खासगी निरोप पाठवायची सोय वेगळी होती, दोन जागी जास्त दाबावं लागायचं इतकंच. आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी मी उघड्यावरच टाकल्या होत्या, कारण त्यानंच गिऱ्हाईक वाढत होतं. एकाची नोंद वाचून त्याच गावचे चार विचारायला येत होते. गुरुजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी सगळं थांबवलं असतं. म्हणून सांगितलं नव्हतं.

मी मास्तरांच्या पानावर टाईप केलं. माझं लक्ष अक्षरांकडे होतं, अर्थाकडे नव्हतं. नोंद अशी होती की धाकटे चिरंजीव यांस अपत्य नाही, सबब त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा, वय तीन महिने, दत्तक घेतला. पुढे मुलाचं नाव. पुढे आजोबांची सही. गुरुजींनी नेहमीप्रमाणे पूर्ण नोंद दिली होती. त्यांच्या हिशेबानं खोलीत फक्त मास्तर बसलेले होते.

मुलाला ठाऊक नव्हतं.

मास्तरांच्या त्या पानाखाली तासाभरात मुलाच्या मित्रांनी लिहायला सुरुवात केली. एकानं लिहिलं होतं, अबे तू तर कॉपी-पेस्ट निघालास. त्याखाली हसरे चेहरे, ओळीनं. दुसऱ्यानं विचारलं होतं, मग मामाला आता काय म्हणणार. ही पोरं वाईट नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या पोरांसारखीच असतील. पण ते हसरे पिवळे चेहरे आठवले की माझं डोकं आजही फिरतं.

आठवड्याभरानं गुरुजींच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "जरा या तुम्ही." एवढंच बोलल्या. मी गेलो तर मास्तर खाली पायरीवर बसलेले होते, पाठ करून. वर ओट्यावर त्यांची बायको. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात रुमालाची गुंडाळी. गुरुजी समोर, आणि पहिल्यांदाच मी त्यांना मांडी न घालता बसलेलं पाहिलं.

"मन्हा पोऱ्या फोन उचलत नही," ती बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तीन दिन व्हयनात. त्याना आधी एकदा उचला. माले इचारं, आई, मी कोना शे? मी काय सांगू त्याले?"

गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

"त्यानं लगीन ठरताच सांगनार व्हतूत आम्हीन. मन्हा भाऊले बी सांगेल व्हतं, तोंड उघडानं नही. इतला वरीस कोणी उघडं नही. आणि तुम्ही गावले सांगी टाकं."

"ताई," गुरुजी म्हणाले, "वही माझी. वाचली मी. लिहायला सांगितलं मी. दोष माझा आहे."

"पण सगळास्ले कसं काय दिसनं ते?"

हा तो क्षण. मी दारात उभा होतो, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. बोलायला कुणाच्या बघण्याची गरज नसते. माझ्या तोंडात जीभ होती.

"मला ठाऊक नव्हतं," गुरुजी म्हणाले. "ठाऊक करून घ्यायला हवं होतं. कोण बसलंय ते न बघता मी वाचलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी असं केलं नाही."

ते उठले आणि त्या बाईच्या पाया पडले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि ती पंचेचाळिशीची असेल. ती दचकून मागे सरली. "आसं नका करू गुरुजी," म्हणाली आणि तेव्हा कुठे रडायला लागली. खाली मास्तर तसेच पाठ करून बसलेले होते.

ती दोघं गेल्यावर गुरुजींनी मला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

मला वाटलं आता ते बोलतील. मी तयार होतो. शिवी दिली असती, हाताला धरून त्या बाईच्या मागे पळवलं असतं, याच्या तोंडून ऐका म्हणून, तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. त्यांनी तसं काही केलं नाही. उपरणं खांद्यावर टाकलं.

"चल, काढून टाकू सगळं."

संध्याकाळचे पाच वाजले असतील. कॅफेत दोन पोरं बसलेली होती, त्यांना मी हाकललं. गुरुजी माझ्या शेजारी बसले आणि एकेका गावाचं नाव सांगत गेले. नाव, मग पासवर्ड. मी खातं उघडायचो, साईट इंग्रजीत विचारायची, नक्की काढायचं का, मी हो म्हणायचो. मालेगाव. कळवण. पेठ. सुरगाणा. एखाद्या खात्यात कुणाचा निरोप वाट पाहत असायचा, की आम्ही पुढच्या महिन्यात येतोय, पत्ता कळवा. मी त्यांच्याकडे बघायचो.

"काढ," ते म्हणायचे.

सटाण्याचं खातं सगळ्यात शेवटी राहिलं होतं. त्यातली ती नोंद गेली. पण कुणा पोरानं तिचा फोटो काढून आपल्या पानावर लावून ठेवला होता आणि तो आम्हाला काढता येत नव्हता. मी साईटला तक्रार पाठवली. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवली. मी पुढे वर्षभर पाठवत होतो. उत्तर द्यायला तिथे कुणी माणूस बसलेलाच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर गुरुजी कॅफेत आले नाहीत. स्वतःच्या पुण्याच्या मुलाशी आता फोनवरच बोलायचे. रस्त्यात दिसले तर थांबायचे, चौकशी करायचे, धंदा कसा काय, तब्येत कशी काय. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. हे मला सहन व्हायचं नाही. मी त्यांना टाळायला लागलो, भाजीला जायचा रस्तासुद्धा बदलला. काय निर्लज्जपणा बघा, चूक मी करायची आणि गाल मीच फुगवायचे.

वर्षा-दीड वर्षात ते गेले. झोपेत गेले म्हणतात. मी मुंबईला होतो, नंतर भेटायला गेलो. काकूंना मुलगा पुण्याला घेऊन गेला. वह्या पलीकडच्या गल्लीत त्यांच्या चुलतभावाकडे गेल्या, लोखंडी पेट्यांतून. कॅफेही तोवर मोडकळीला आलं होतं. मी तिथे झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्ज सुरू केलं.

अजून वर्षभरानं एक मुलगा दुकानात आला. डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले, कपाळाला गंध. हातातल्या चिठ्ठीवर गुरुजींचं नाव होतं.

"हे कुठे राहतात, काका?"

मी सांगितलं की ते आता नाहीत.

त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "माझे वडील गेले," म्हणाला. "आई खाली कुंडावर बसलीय. ती म्हणाली, नोंद त्यांच्याकडेच करायची. मी म्हटलं, त्यांच्याकडेच? ती म्हणाली, हो, त्यांच्याकडेच." मग गाव सांगितलं आणि मला कळलं कोण ते.

मी त्याला चुलतभावाकडे घेऊन गेलो. दुकान उघडं टाकून गेलो. चुलतभावानं पेटी उघडली, गाठोडं सोडलं, पान काढलं. मुलगा एकटाच होता, बाहेर पाठवायला कुणी नव्हतं. चुलतभाऊ वाचत गेला. पणजोबा, आजोबा, धाकटे चिरंजीव, दत्तक, त्याचं नाव, आजोबांची सही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. चुलतभाऊ थांबला, चष्मा नीट केला.

"इथे दादानं लिहिलंय," तो म्हणाला. "आमच्यात यजमानाच्या पानावर उपाध्यायानं स्वतःचं काही लिहायचं नसतं. मी कधी बघितलं नाही असं."

आणि त्यानं वाचलं. या पानावरील मजकूर घरच्यांस न विचारता बाहेर उघड केला गेला. त्यामुळे या मातेस व पुत्रास क्लेश झाले. दोष सर्वस्वी उपाध्यायाचा. पुढे ज्यानं हे पान वाचावं त्यानं हेही वाचावं. खाली गुरुजींची सही होती, लफ्फेदार, जशी ते मुलाला लिहिलेल्या पत्राखाली करायचे.

मुलानं वही जवळ ओढली आणि स्वतः एकदा वाचलं. मग पेन मागितलं. वडील अमुक तिथीस वारले, असं चुलतभावानं सांगितलं तसं लिहिलं, आईचं नाव लिहिलं, आपलं नाव लिहिलं आणि सही केली. बापाच्या नावाच्या जागी त्यानं मास्तरांचंच नाव लिहिलं, क्षणभरही न अडखळता. पेन तसंच उघडं पानावर ठेवलं.

"तुम्ही ओळखत होतात यांना?" त्यानं मला विचारलं. "कसे होते?"

गुरुजींच्या सहीच्या उजव्या बाजूला दोन बोटं जागा रिकामी होती. एक नाव सहज मावलं असतं.

"चांगले होते," मी म्हणालो, आणि त्याच्या आईसाठी रिक्षा बघायला बाहेर पडलो.